एकच कविता, दोन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात फेब्रुवारी उजाडला की कवींना फोन येऊ लागतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांची मंडळं, सगळ्यांना त्या आठवड्यात एकेक कविसंमेलन हवं असतं. फोनवरचं वाक्य ठरलेलं : "एकच कविता वाचा हं, दोन मिनिटं." आज मी बोलणार आहे ते या दोन मिनिटांबद्दल.

अशा संमेलनात कविता पडते ती बहुधा पहिली ओळ येण्याच्या आधीच. कवी माइकपाशी येतो. माइकवर टकटक करतो. मग व्यासपीठावरच्या सगळ्या मान्यवरांची नावं. मग ही कविता कशी सुचली, कुठल्या एसटीत सुचली, ती ऐकून कोण रडलं. मग "कविता तशी छोटीच आहे" असं आश्वासन. तोवर दोन मिनिटं संपतात, सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो आणि कविता घाईघाईत उरकली जाते. जी गोष्ट कवितेनं सांगायची, ती प्रस्तावनेनं सांगून टाकलेली असते. श्रोत्याला करायला काही उरत नाही. तो मोबाइल काढतो. त्याला दोष कसा देणार?

जाहीर काव्यवाचन या शहराला काही नवं नाही. १९२३ साली इथंच रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी जमायची, एकमेकांना कविता ऐकवायची; पुढं त्यांनी चालीवर कविता म्हणून काव्यगायन महाराष्ट्रभर लोकप्रिय केलं. टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेत ज्या माधवराव पटवर्धन सभागृहात आज संमेलनं होतात, ते माधवराव म्हणजेच माधव जूलियन. चालीचा एक फायदा असा, की एखादी ओळ कच्ची असली तरी सूर तिला सांभाळून नेतो. नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या तिघांनी गावोगाव जाऊन कविता वाचल्या आणि नुसत्या वाचनानं सभागृहं भरून दाखवली. मुक्तछंद वाचणाऱ्याला चालीचा आडोसा नाही. त्याच्याजवळ शब्द, श्वास आणि थांबणं, एवढंच.

हे थांबणं काय असतं, ते मला सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कळलं. वाचणारे गृहस्थ पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. पेठेत त्यांना सगळे चावीवाले काका म्हणतात. वर्षानुवर्षं पहाटे उठून रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह लांब चावीनं फिरवायचा, हे त्यांचं काम. आले, त्यांनी माइक बाजूला सारला. रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेला आवाज, त्याला माइक कशाला? वहीतलं एक पान, त्यावर चष्म्याशिवाय दिसतील अशी टपोरी अक्षरं. नमस्कारसुद्धा केला नाही. थेट वाचलं :

"पहाटे मी चावी फिरवतो, तेव्हा पेठ झोपलेली असते.
हंडा भरल्याचा आवाज मला कधी ऐकू येत नाही.
पाणी आलं नाही, की मात्र माझं नाव सगळ्यांना पाठ."

दुसऱ्या ओळीनंतर ते थांबले. मुद्दाम की दम लागला म्हणून, देव जाणे. पण तेवढ्या वेळात प्रत्येकानं आपापल्या घरातला हंडा ऐकला. तिसऱ्या ओळीला हशा पिकला, आणि हसता हसता दोघं-तिघं चपापले. नळाला पाणी नाही म्हणून त्यांनीच कधीतरी काकांवर तोंडसुख घेतलेलं असणार. ही कविता छापून आली असती तर कदाचित मी पान उलटलं असतं. ती त्या आवाजात, त्या पेठेत आणि त्याच पाण्यावर दिवस काढलेल्या माणसांपुढं वाचली गेली, म्हणून लागली. मोठ्या संमेलनाच्या मांडवात हे जमत नाही. तिथं कवी आणि श्रोता एका नळावरचे नसतात.

तेव्हा यंदा ज्यांना फोन आलाय त्यांना एवढंच सांगेन : कविता घरी मोठ्यानं वाचून पाहा, घड्याळ लावून. प्रत्येक ओळ दोनदा म्हणू नका. ती मुशायऱ्याची रीत, तिथं शेराला दाद मिळते म्हणून शोभते. टाळ्या मागू नका. आणि आपली कविता झाली की चपला शोधायला लागू नका, कारण समोरचे निम्मे श्रोते म्हणजे नंबर लागायची वाट बघणारे कवीच असतात. प्रत्येक जण आपलं वाचून निघाला, तर शेवटच्या कवीनं सतरंज्यांना कविता ऐकवायची का?

आयोजकांना मात्र यावर एक सोपा उपाय करता येईल. चहा आणि प्रमाणपत्रं, दोन्ही शेवटी ठेवा.

नमस्कार.