सात आकडे आणि मारिया गेपर्ट-मायर

मंडळी, भौतिकशास्त्रज्ञ मारिया गेपर्ट-मायर यांचं काम समजून घ्यायचं तर आधी सात आकडे डोळ्यांसमोर हवेत: 2, 8, 20, 28, 50, 82, 126. इतके प्रोटॉन किंवा इतके न्यूट्रॉन असलेलं अणुकेंद्रक शेजाऱ्यांपेक्षा घट्ट बांधलेलं असतं. कथिलात 50 प्रोटॉन असतात आणि त्याची 10 स्थिर समस्थानिकं आहेत. इतकी दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याची नाहीत.

बाईंचा जन्म 1906 चा, शिक्षण जर्मनीतल्या ग्योटिंगेनला. मॅक्स बॉर्न यांच्याकडे केलेल्या 1930 च्या प्रबंधात त्यांनी अणू एकाच वेळी दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) शोषू शकतो असं गणिताने दाखवलं. प्रयोगात ते दिसायला लेझर यावा लागला, म्हणजे 1961 उजाडलं. पती जोसेफ मायर यांच्याबरोबर त्या अमेरिकेत गेल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पतीला प्राध्यापकी आणि यांना जेमतेम मानधन. 1946 मध्ये शिकागो विद्यापीठात पद मिळालं, पगार नाही. पगार मिळायचा तो आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ कामाचा. नोबेलचं काम याच काळातलं.

आता अडचण कुठे होती ते पाहू. केंद्रकातला कण सरल आवर्त आंदोलकासारखा, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारखा धरला, तर ऊर्जेच्या पातळ्या कणांनी भरत जाताना बेरीज 2, 8, 20 अशी बरोबर येते. पुढे मात्र 40, 70, 112. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी बाईंना विचारलं, स्पिन (कणाची स्वतःची फिरकी) आणि कक्षीय गती यांच्या युग्मनाचा, म्हणजे एकमेकींवरच्या परिणामाचा, काही मागमूस दिसतो का? अणूतल्या इलेक्ट्रॉनांत हा परिणाम अगदी बारीक असतो, म्हणून केंद्रकात तो कुणी मनावर घेत नव्हतं. बाईंनी तो जबरदस्त धरला, आणि चिन्हही उलटं: जास्त j ची (j म्हणजे स्पिन आणि कक्षीय गती मिळून होणारा आकडा) पातळी खाली.

करून पाहा. प्रत्येक पातळीत 2j+1 जागा. d, f, g, h, i ही कक्षीय गतीनुसार पातळ्यांची नावं. f पातळीतल्या 14 जागांची 8 आणि 6 अशी फूट पडते; 8 वाली खाली येते, 20 + 8 = 28. g मधल्या 10 खाली ओढल्या, 40 + 10 = 50. h मधल्या 12, म्हणजे 70 + 12 = 82. i मधल्या 14, म्हणजे 112 + 14 = 126. ऑक्सिजन-17 मधला नववा न्यूट्रॉन d पातळीत j = 5/2 वर बसतो, आणि त्या केंद्रकाचा मोजलेला स्पिन 5/2 च आहे.

हान्स येन्सन आणि त्यांचे सहकारी जर्मनीत स्वतंत्रपणे याच उत्तराला पोचले, तेही 1949 मध्येच. स्पर्धेऐवजी दोघांनी मिळून 1955 मध्ये पुस्तक लिहिलं. पूर्ण पगाराची प्राध्यापकी बाईंना 1960 मध्ये सॅन डिएगोला मिळाली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या आसपास. 1963 च्या नोबेलचा अर्धा वाटा युजीन विग्नर यांना, उरलेल्या अर्ध्यात मायर आणि येन्सन.

हे कवच-प्रारूप (कवच म्हणजे अशा पातळ्यांचा गट) सगळीकडे चालत नाही. कवच अर्धवट भरलेलं असलं की केंद्रक गोल राहत नाही, लांबट होतं, आणि एकेका कणाचा हिशोब अपुरा पडतो. न्यूट्रॉनांची फार गर्दी झाली तर आकडेच बदलतात. ऑक्सिजन-28 मध्ये 8 प्रोटॉन आणि 20 न्यूट्रॉन, दोन्ही आकडे यादीतले, म्हणजे तो घट्ट असायला हवा. 2023 मध्ये तो जपानमध्ये प्रत्यक्ष दिसला, पण चार न्यूट्रॉन टाकून क्षणात ऑक्सिजन-24 झाला.