भूकंपानंतर डोंगरावरच्या दरडी नकाशावर काढायच्या कशा

(स्क्रीनवर दोन सॅटेलाइट फोटो)

डावीकडे बघा, गच्च हिरवा डोंगर. आणि उजवीकडे तोच डोंगर भूकंपानंतरचा, सगळीकडे तपकिरी ओरखडे. हे जपानमधलं आत्सुमा. 6 सप्टेंबर 2018 च्या पहाटे 6.6 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो दरडी सुटल्या, कारण तिथे वरचा थर ज्वालामुखीच्या राखेचा, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा.

आपल्याला नाशिककरांना दरड म्हटलं की पाऊस आठवतो, कसारा घाट आठवतो, सप्तशृंगीचा रस्ता आठवतो. पण भूकंपाची दरड वेगळी. लाटा डोंगरातून वर चढतात आणि माथ्यावर जास्त जोरात हलवतात, त्यामुळे ती बऱ्याचदा पार वरून, कड्याजवळूनच सुटते.

मग या दरडींचं मॅपिंग, म्हणजे त्या नकाशावर काढणं, कसं करतात? आधीचा फोटो, नंतरचा फोटो शेजारी लावायचा आणि एकेका ओरखड्याभोवती माऊसने रेघ मारत बसायचं, बस. टिंब टाकून मोकळं होता येत नाही, दरड सुटली कुठून आणि येऊन थांबली कुठे हे वेगवेगळं दाखवायला लागतं. शेजारशेजारच्या दोन दरडी एकच समजून काढल्या की किती माती खाली आली तो आकडा उगाच फुगतो. कॉम्प्युटरला सांगितलं तर काम पटकन होतं, पण तो नांगरलेल्या वावरालाही दरड म्हणतो! पेठ-सुरगाण्याचे डोंगर मे महिन्यात बघा ना, गवत वाळलेलं, राब भाजलेले, सगळंच तपकिरी, तिथे त्याने ओळखायचं तरी काय. आणि पावसाळ्यात ढग. तेव्हा रडारचे फोटो कामाला येतात, रडारला ढग आडवे येत नाहीत.

आता चीनचं वेनचुआन. 12 मे 2008, 7.9 तीव्रतेचा भूकंप. नंतर जवळपास 2 लाख दरडी नकाशावर काढल्या गेल्या, तांगजियाशानला तर दरडीने नदीच अडवली आणि मागे तलाव तयार झाला. पण खरा त्रास पुढे होता, सुटलेली माती डोंगरावरच अडकून राहिली होती आणि 2010 च्या ऑगस्टमधल्या पावसात तीच चिखल-दगडांचा लोंढा होऊन यिंगशिऊ गावात घुसली. त्यामुळे तिथे नकाशा एकदा काढून ठेवून दिला नाही, पुढची कित्येक वर्षं तेच उतार परत परत तपासले, गवत कुठे आलंय, उघडं कुठे आहे, आणि नाल्यात माती अजून किती पडून आहे.