पुढच्या हंगामाचा भरवसा

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

माझे वडील इथल्या हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. एका साली गुजरातच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं, माल ओला निघाला, रक्कम कापून घेतो. माल चांगला वाळलेला होता. वडिलांनी स्वतः पोत्यात हात घालून हळकुंड मोडून बघितलं होतं, कटकन आवाज आला होता. मालक भडकले. तरी दोन दिवसांनी त्यांनी निम्म्यावर तडजोड केली. मी तेव्हा शाळेत होतो. म्हटलं, आपली चूक नसताना पैसे का सोडायचे? वडील म्हणाले, "पुढच्या हंगामाला माल त्यालाच घालायचाय."

आज देशादेशांमधला व्यापार आणि त्यांची भांडणं यांवर बोलायचंय, आणि त्यातलं बरंचसं मला या एका वाक्यातून उमगलेलं आहे.

व्यापार वाढला की युद्धं थांबतात, ही समजूत जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्सचा विचारवंत माँतेस्क्यू यानं लिहून ठेवलं, की शांतता हा व्यापाराचा स्वाभाविक परिणाम आहे. पण १९१४ साली ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. जर्मन व्यापारी जहाजांचे विमे लंडनमध्ये उतरवले जात होते. तरी ऑगस्टमध्ये तोफा सुटल्याच. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी, १८३९ साली, इंग्रज चीनवर चालून गेले ते तर व्यापारासाठीच. इंग्रज व्यापारी तिथं अफू विकायचे, ती चिनी सरकारनं जप्त करून नष्ट केली, हे निमित्त. ती अफू आपल्याच देशात पिकायची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. १८४२ च्या तहात चीननं हाँगकाँग गमावलं. म्हणजे व्यापार नुसता असून भागत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते जपानचं उदाहरण. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेनं १९३० साली आयातीवर जबर जकात बसवली, पाठोपाठ इतरांनीही दारं लावून घेतली. जपानकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाही. ऐंशी टक्क्यांच्या आसपास तेल अमेरिकेकडून यायचं. १९३७ पासून जपान चीनमध्ये घुसलेला होता, आणि जुलै १९४१ मध्ये त्याचं सैन्य दक्षिण इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला, उतरलं. अमेरिकेनं त्याची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टमध्ये तेल बंद झालं. आता टोकियोतले अधिकारी काय मोजत बसले असतील? टाकीत किती उरलंय, तेवढंच. एकेक महिना जाईल तसं आरमार पांगळं होणार होतं. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. जपानचा दोष मी तसूभरही कमी करत नाही, चीनमध्ये त्यानं केलेले अत्याचार विसरण्यासारखे नाहीत. पण बघा, दोन देश एका वस्तूसाठी इतके बांधलेले होते, आणि उद्या ती मिळणार नाही असं दिसताच तीच गाठ फास झाली.

याच्या उलट गोष्ट युरोपातली. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून सत्तर वर्षांत तीनदा लढले. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांनी सुचवलं, की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक संस्थेच्या ताब्यात द्यावं. तोफा ज्याच्या होतात तेच! १९५१ साली पॅरिसला सहा देशांनी करार केला. मुदत किती? पन्नास वर्षं. पन्नास हंगाम कागदावर लिहून दिले. माझ्या मते मोठेपण त्या मुदतीत आहे.

आपल्याकडे काय झालं? १९४९ साली रुपयाचं अवमूल्यन आपण केलं, पाकिस्ताननं केलं नाही. त्यांचा रुपया आपल्याला महाग पडू लागला, आणि तागाचा व्यापार ठप्प झाला. १९९६ साली आपण त्यांना व्यापारात सर्वाधिक पसंतीचा दर्जा दिला, म्हणजे इतर देशांना जी वागणूक तीच त्यांनाही, पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला आणि मालावर २०० टक्के जकात लावली. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. आपले चाळीस जवान गेले होते, त्यामुळे आपला निर्णय मला समजतो. तरी पंजाबच्या सीमेवर अटारीला ट्रक उतरवणाऱ्या हमालांचं काम एका रात्रीत गेलं, याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही. भांडण वाढलं की आधी फाटक बंद होतं, हे ज्याला ठाऊक आहे तो व्यापारी त्या रस्त्याला मोठं भांडवल घालत नाही. मग तुटण्यासारखं काही उरतच नाही, आणि भांडताना कुणाचा हातही आखडत नाही.

आणि भांडण आपलं नसलं तरी झळ आपल्याला लागते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्या हंगामात युरोपला जाणारी कितीतरी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली, दहा-बारा दिवस जास्त. आपली द्राक्षंही त्याच वाटेनं युरोपला जातात, आणि द्राक्ष म्हणजे जिवंत फळ. कंटेनरमध्ये शून्याच्या जवळपास ठेवलं तरी आधी देठ सुकतो, तपकिरी पडतो, आणि तिकडचा खरेदीदार पेटी उघडल्यावर पहिल्यांदा देठच बघतो. भाव तिथंच पडतो.

तासगावकडचे एक बागायतदार पुढच्या ऑक्टोबरात मला भेटले. म्हणाले, "सर, फळछाटणी घ्यायची वेळ झालीय. माल निघेपर्यंत तो समुद्र मोकळा होईल का?" मला सांगता आलं नाही. चार दिवसांनी त्यांच्या बागेवरून गेलो, तर छाटणी चालली होती, नवे डोळे फुटावेत म्हणून बायका काड्यांना पेस्ट लावत होत्या.