कागदावरचं मुख्य कार्यालय

(दृश्य : आयर्लंड. कॉर्क शहर, हॉलीहिलची टेकडी.)

ॲपल कंपनी 1980 साली इथे आली. पुढे युरोपातल्या विक्रीचा नफा इथल्या 'ॲपल सेल्स इंटरनॅशनल' या कंपनीच्या खाती जमा होऊ लागला. आयफोन पॅरिसमध्ये विकला जावो की बर्लिनमध्ये, हिशेब कॉर्कला. आखात, आफ्रिका आणि भारतातल्या विक्रीचाही त्यात समावेश होता.

इथवर बेकायदा काही नाही. पण हा नफा कॉर्कच्या शाखेचा नसून बहुतांश 'मुख्य कार्यालयाचा' आहे, असं दाखवलं जाई. आणि या मुख्य कार्यालयाला ना जागा होती, ना एकही कर्मचारी.

आयर्लंडचा कायदा विचारायचा, कारभार कुठून चालतो? अमेरिकेचा विचारायचा, नोंदणी कुठे झाली? नोंदणी आयर्लंडमध्ये, कारभार मात्र आयर्लंडबाहेरून. या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत ही कंपनी करापुरती कुठल्याच देशाची उरली नाही. मे 2013 मध्ये अमेरिकी सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या सिनेट उपसमितीने हे चव्हाट्यावर आणलं. आम्ही लागू असलेल्या कराचा प्रत्येक डॉलर भरतो, असं ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी तिथे सांगितलं.

(दृश्य : ब्रसेल्स. युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाची इमारत.)

कंपनी कर किती लावायचा, हा ज्या त्या देशाचा अधिकार. त्यामुळे आयोगाने वेगळा कायदा हाती घेतला : स्पर्धेचा. इतरांना न मिळणारी करसवलत एकाच कंपनीला दिली, तर ती स्पर्धा बिघडवणारी, म्हणून बेकायदा सरकारी मदतच ठरते. अधिकाऱ्यांनी 1991 आणि 2007 मध्ये आयरिश करखात्याने ॲपलला दिलेले, करपात्र नफा कसा मोजायचा याचे निर्णय तपासले. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचली. लाभांश, प्रशासकीय व्यवस्था, रोकड, एवढेच विषय. अब्जावधींचा धंदा चालवल्याची खूण त्यांत नव्हती.

आता आकडे ऐका. 2011 मध्ये या कंपनीचा नफा होता सुमारे 16 अब्ज युरो. आयर्लंडमध्ये करपात्र धरला गेला तो जेमतेम 5 कोटी. 2014 मध्ये प्रत्यक्ष कर पडला 0.005 टक्के, म्हणजे दहा लाखांच्या नफ्यावर 50 युरो! आयर्लंडचा नेहमीचा दर 12.5 टक्के. कॉर्कमधली एखादी साधी छोटी कंपनी तोच दर भरत होती, आणि मला यातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते.

30 ऑगस्ट 2016 रोजी आयोगाच्या तेव्हाच्या स्पर्धा आयुक्त मार्ग्रेट वेस्टेयर यांनी 13 अब्ज युरो आणि व्याज वसूल करण्याचा आदेश दिला. ॲपल कोर्टात गेली. खुद्द आयर्लंडही गेलं. परकी गुंतवणूक आणि तिच्यामागून येणाऱ्या नोकऱ्या यांवर हा देश उभा राहिला होता, त्या गमावण्याची भीती समजण्यासारखी आहे. 2020 मध्ये आयोग हरला. 10 सप्टेंबर 2024 ला मात्र युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि तिऱ्हाईत खात्यात 2018 पासून अडकलेल्या 14 अब्जांहून अधिक युरोंचा आयर्लंडच्या तिजोरीकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.