मांडव फुकेतला, तयारी इतवारीत

(दृश्य : हातमाग. धोट्यांचा आवाज पाच-सहा सेकंद तसाच राहू द्यावा, मग निवेदन.)

तीन धोटे आहेत, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी तीन साधनं. एक साडीच्या अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा धोटा काठापाशी येऊन थांबतो. त्याचा धागा काठाच्या धाग्यात गुंतवायचा, मगच पुढचा धोटा हलतो. दुसऱ्या काठाला पुन्हा तेच. साडी विणून संपेपर्यंत प्रत्येक ओळीला हे करावं लागतं. म्हणून करवतकाठी साडीचा काठ कधी सुटत नाही आणि त्याचा रंग अंगात मिसळत नाही. नीट बघा, काठावर करवतीच्या दात्यांसारखी ती टोकदार ओळ आत्ताच उमटायला लागली आहे.

अंगाला कोसा वापरतात. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचं हे रेशीम पूर्व विदर्भातल्या जंगलातून येतं. त्याचा मधासारखा रंग मुळातलाच असतो. काठाला मात्र सूत. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. तरी नागपुरातल्या कितीतरी लग्नघरांत पैठणी आधी आठवते आणि करवतकाठी कुणीतरी आठवण करून दिल्यावर. ज्या घराच्या लग्नाची तयारी आपण पाहणार आहोत, तिथे ती मुलीने स्वतः मागितली, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातलं घर. दिवाणखान्यात पसरलेल्या याद्या.)

लग्न आहे मार्गशीर्षात, थायलंडमधल्या फुकेतला, समुद्रकाठच्या एका हॉटेलात. मुलगी नागपूरची, मुलगा नोकरीला सिंगापूरला, दोन्हीकडची भावंडं आणखी लांब. सगळ्यांना पोचायला बरं पडेल असं ठिकाण शोधता शोधता फुकेत ठरलं. वैशाखात तिकडे पाऊस सुरू होतो आणि इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे महिन्यावर फार चर्चा झालीच नाही. नागपूरहून तिकडे थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीसारखं शहर गाठून पुढे जायचं.

पण लग्न उभं राहतंय ते इथेच.

(दृश्य : इतवारी, नागपूरची बाजारपेठ. भांडे ओळ, मग किराणा ओळ. दुकानदाराच्या हातातली यादी जवळून.)

भांडे ओळीतून कलश, ताम्हन, पळी, पंचपात्र, समई. अंतरपाटाचं कापड गांधीबागेतून. मुंडावळ्या मोत्याच्या, कारण फुलांच्या टिकणार नाहीत. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटातून एरवी पोती भरून झेंडू आला असता. तो या वेळी तिकडचाच घ्यायचा. थायलंडमध्ये झेंडू भरपूर पिकतो, आंब्याची पानं आणि ओला नारळही मिळतो.

किराणा ओळीत यादी दोनदा वाचली गेली. हळकुंडं आणि सुपारी बांधली. कापूर बाजूला काढला. खोबऱ्याच्या वाट्याही काढल्या. दोन्ही वस्तू पेट घेणाऱ्या, विमानात नेता येत नाहीत. आगपेटी सामानात टाकायची नाही. समिधांचं काय, हा प्रश्न उरला. लाकूड, बियाणं, दुधाचे पदार्थ नेण्यावर बहुतेक देशांत बंधनं असतात, म्हणून होमाच्या वस्तू हॉटेलच्या पुरोहितांमार्फत तिकडेच घ्यायच्या असं ठरलं. आणि होम खोलीत करायचा नाही. धुराने छताचे अलार्म वाजतात, म्हणून तो उघड्या हिरवळीवर, तेही हॉटेलची लेखी परवानगी हातात आल्यावर.

(दृश्य : गुरुजी, पंचांग, शेजारी मोबाइलवर नकाशा.)

हे दृश्य आम्ही जास्त वेळ ठेवलंय. गुरुजींना गोरज मुहूर्त काढायचा आहे. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ, आणि सूर्य प्रत्येक गावाचा निराळा. डिसेंबरच्या मध्याला नागपुरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. फुकेतला त्यांच्या घड्याळात तेव्हा सहा वाजून गेलेले असतात, पण त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेपाचच्या आतच तिकडे सूर्य बुडालेला. कुंडलीतलं लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तीही स्थळाच्या अक्षांश-रेखांशावर ठरते. नागपूरसाठी छापलेली वेळ तशीच उचलून चालत नाही. गुरुजींनी सगळं गणित फुकेतसाठी नव्याने मांडलं, आणि लग्नपत्रिकेवर दोन्ही वेळा छापायला सांगितल्या, कारण मंगलाष्टकांच्या वेळी महालातली निम्मी गल्ली मोबाइलसमोर बसणार आहे.

(दृश्य : टेबलावर कागद. नोटिशीची प्रत.)

विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आम्ही चित्रीकरण केलेलं नाही, पण हा कागद पाहा. लग्न परदेशात करायचं तर कायद्याच्या वाटा तीन. तिथल्या जिल्हा कार्यालयात नोंदणी करायची तर बँकॉकच्या भारतीय दूतावासाचं पत्र, त्याचं थाई भाषांतर आणि तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. १९६९च्या परदेशी विवाह कायद्याने दूतावासात करायचं तर नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाला तिथे ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. तिसरी वाट या घराने धरली, आणि आमच्या मते तीच शहाणपणाची आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नागपुरातच नोंदणी. मुलगी इथली रहिवासी आहे, एवढं पुरतं. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न. पुढे मुलीच्या व्हिसाला हेच प्रमाणपत्र लागेल.

(दृश्य : आजी, हातात नवं पारपत्र.)

आजींचं पारपत्र काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करणारा कागद घरभर शोधला तेव्हा लोखंडी पेटीत सापडला.

(दृश्य : सराफा ओळ. तराजू, पाटल्या, पोहेहार.)

दागिन्यांचं वजन, किंमत आणि फोटो इथेच करून घेतले. परदेशी जाताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे परतताना घरचंच सोनं नवं आणलंय की काय, असा प्रश्न उभा राहत नाही. मुंबईच्या विमानतळावर यासाठी वेळ हाताशी ठेवला आहे.

(दृश्य : रिकामं मंगल कार्यालय, बँडवाल्यांचं दुकान. निवेदन थोडकं, चित्र लांब.)

मंडपवाले, बँडवाले आणि कार्यालय, सगळ्यांचं त्या तारखेचं या घरचं काम हुकलं.

(दृश्य : स्वयंपाकघर. कुरडया, शेवया, सांडगे डब्यात भरताना आत्या आणि मामी.)

रुखवत विमानाने न्यायचं नाही, यावर आत्या ठाम राहिल्या. कुरडयांचा चुरा होईल आणि पाहणारी माणसं तर इथेच आहेत. म्हणून नोंदणीच्या संध्याकाळी महालातल्या घरी रुखवत मांडायचं ठरलं. फुकेतला येऊ न शकणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशी पाटवडी-रस्सा, वडाभात आणि पुरणपोळीचं जेवण. पंगत नेहमीच्याच आचाऱ्याकडे दिली आहे आणि रुखवताच्या टेबलांचं भाडंही देऊन झालंय.