बेचाळीस अंशांत गारठलेला रुग्ण

(दृश्य : मे महिन्याची दुपार, पुणे–हैदराबाद महामार्ग. १०८ची रुग्णवाहिका सोलापुरात शिरते.)

निवेदन :
बाहेर पारा ४२च्या पुढे. रुग्णवाहिकेतून उतरवलेल्या तरुणाचे हातपाय मात्र थंडगार. दुचाकीला ट्रकची धडक, पोटात रक्तस्राव. रक्त गेलं की अंगात ऊब धरत नाही, मग सोलापूरचा उन्हाळाही कामाचा नाही.

शरीर ३५ अंशांखाली उतरलं की रक्त नीट गोठत नाही. गोठत नाही म्हणून आणखी वाहतं. वाहिलं की पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, आम्ल वाढतं, आणि त्यानं गोठणं आणखीच बिघडतं. म्हणून सलाईन आणि रक्तसुद्धा कोमट करून चढवतात.

(दृश्य : आयसीयूबाहेरचा बाक.)

पहिलं ऑपरेशन डॉक्टर मुद्दाम लवकर आटोपतात. रक्तस्राव थांबवायचा, पोट तात्पुरतं झाकायचं, रुग्ण आयसीयूत. आतडं जोडणं एक-दोन दिवसांनी, अंगात ऊब आल्यावर. "म्हणजे ऑपरेशन अर्धंच केलं?" बाकावरचा हा प्रश्न ठरलेला. हो, अर्धंच. पूर्ण करायच्या हट्टात रुग्ण टेबलावरच जायचा.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव आवरणारं, तसं स्वस्त इंजेक्शन. ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर झालेल्या क्रॅश-२ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी झाले. त्यानंतर दिलं तर उलट वाढले. सांगोल्याहून, अक्कलकोटहून येणाऱ्याचा यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. त्यामुळे अपघात किती वाजता झाला, हे डॉक्टर खोदून विचारतात. "मघाशीच झाला" चालत नाही.

(दृश्य : व्हेंटिलेटर. सिस्टरच्या हातात शिंप्याची टेप.)

फुप्फुसं सुजलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरनं एका श्वासाला हवा किती द्यायची? पूर्वी हात सैल असायचा. २००० साली अमेरिकेतल्या अभ्यासात किलोमागे १२ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१वर आलं. हे वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं. फुप्फुस काही पोटाबरोबर वाढत नाही.

सिस्टर टाचेला टेप लावतात, दुसरं टोक डोक्याशी धरतात. १७० सेंटिमीटर. पुरुषाचं हिशेबाचं वजन ६६ किलो, म्हणजे एका श्वासाला साधारण ४०० मिलिलिटर. आकडा केसपेपरवर चढतो, मग मशीनवर.