घंटा वाजण्याआधी

(दृश्य: रिकामा हॉल. खुर्च्या मांडणारे दोन हात.)

सभा सात वाजता. पावणेसातला हॉलमध्ये एकच माणूस आहे आणि तो खुर्च्या मांडतोय. समाजसेवा करणाऱ्या या क्लबच्या फोटोंत हा तुम्हाला सापडणार नाही. फोटोची वेळ येते, तेव्हा हा माईकची वायर शोधत असतो.

(दृश्य: टेबलावर घंटा, शेजारी लाकडी हातोडी.)

असे क्लब सेवेसाठी जन्माला आले, असं आपण धरून चालतो. पण २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील तिघांना घेऊन बसला, तेव्हा सेवेचा विषय फारसा नव्हता. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. एवढ्या मोठ्या शहरात हॅरिसला चार माणसं आपली म्हणावी अशी हवी होती, बस. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरायची, म्हणून नाव पडलं रोटरी.

सेवा मागाहून आली. आणि पहिलं मोठं सार्वजनिक काम कोणतं? शौचालय! शहराच्या मध्यवस्तीत लोकांची सोय व्हावी, म्हणून या मंडळींनी खटपट केली. आज स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हे कोण छापेल?

(दृश्य: खोकं उघडतं. आत जुने चष्मे.)

लायन्स हा असाच दुसरा सेवा क्लब. त्याची गोष्ट १९१७ ची, तीही शिकागोतच सुरू झालेली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं आणि डोळ्यांचं काम या क्लबांना कायमचं चिकटलं.

हे खोकं जरा जवळून बघा. एकाची काडी वाकलीय. एकाची नाकावरची गादी गायब. एका डबीत पुसायचं फडकं अजून नीट घडी घातलेलं आहे. ओरखडे पडलेले बाजूला काढायचे, बाकीचे धुवायचे, यंत्रावर नंबर बघायचा, चिठ्ठी लावायची. कंटाळवाणं काम, मान अवघडते. बातमीपत्रात याची एकच ओळ येते: ‘चष्मा संकलन उपक्रम उत्साहात संपन्न.’ उत्साह तिसऱ्या खोक्यापर्यंतच टिकला होता, हे सदस्य हसत सांगतात.

(दृश्य: अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर, म्हणजे पदाची माळ.)

क्लबचं नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहण, नवी कॉलर, नवं बोधवाक्य, नवा बॅनर. जुन्या अध्यक्षांनी अर्धवट सोडलेलं काम नव्यांनी पुढे नेलं, तर क्लब चांगला समजायचा.

इथे गेल्या वर्षी कॉलर एका बाईंच्या गळ्यात होती. त्यात आता नवल नाही, पण फार जुनं झालेलंही नाही. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य केलं, तर रोटरीने क्लबची सनदच काढून घेतली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ ला निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरच्या रोटरीची दारं स्त्रियांना उघडली.

(दृश्य: घंटा वाजते. माणसं उठतात, फोटोसाठी रांग लागते.)

सभा संपली. फोटो झाले. खुर्च्यांवाला आपल्या कामाला लागलाय. आज खुर्च्यांच्या रांगेचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय. साडीचा पदर खोचून, चार-चार खुर्च्या एकावर एक चढवत. माजी अध्यक्ष.

‘पुढच्या गुरुवारी पाच जास्त मांडा,’ त्या म्हणतात. ‘पाहुणे येणार आहेत.’